कोंब फुटलेल्या कांद्यापासून घरी नवे कांदे : पात, कंद आणि बी

श्रावणाच्या सुमारास कांद्याच्या टोपलीत हात घातला की तळाशी दोन-चार कांदे कोंब फुटलेले निघतातच. मार्च ते मे या महिन्यांत काढलेला उन्हाळ कांदा चाळीत साठवला जातो आणि दिवाळीच्या आसपास नवा लाल कांदा येईपर्यंत तोच आपल्या घरी येत राहतो. काढणीनंतरचे काही आठवडे हा कांदा सुप्तावस्थेत असतो, आणि ती अवस्था संपल्यावरही वैशाखातील उष्णता कोंबाला दाबून ठेवते. पाऊस लागून हवा दमट झाली आणि तापमान उतरले की तो दाब सुटतो व आत दडलेला अंकुर मान वर काढतो. असा कांदा टणक असेल तर तो खाण्यास निर्धोक असतो, कारण हिरव्या पडलेल्या, मोड आलेल्या बटाट्यात जे विषारी द्रव्य वाढते तसे काही कांद्यात तयार होत नाही. मात्र कोंब जसजसा वाढतो तसतशा बाहेरच्या पाकळ्या मऊ पडतात आणि चव उतरते. म्हणून ज्याचा कोंब बोटभर झाला आहे, तो कांदा चिरण्यापेक्षा लावणे अधिक शहाणपणाचे.

लावण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती माहीत नसल्यामुळेच पुष्कळांची निराशा होते. कोंब फुटलेला कांदा मातीत पुरला म्हणून तोच कांदा आणखी मोठा होत नाही. तो आपला साठा कोंबांना देऊन टाकतो आणि स्वतः विरून जातो. त्यातून जे मिळते ते तीनांपैकी एक असते : दोन-तीन आठवड्यांत हिरवी पात, तीन-साडेतीन महिन्यांत लहान आकाराचे दोन ते चार नवे कांदे, किंवा फुलांचा गोंडा आणि त्यातून बी. तिन्ही चांगलेच आहे, पण तिन्हींची लागवड वेगळी, महिने वेगळे आणि निगाही वेगळी. आपल्याला यांपैकी काय हवे आहे हे कुंडी भरण्याआधी ठरवावे.

कांद्याच्या आत काय असते

कोंब आलेला एखादा कांदा देठापासून मुळांपर्यंत उभा चिरून पाहावा. त्यासाठी एक कांदा खर्ची पडला तरी चालेल, कारण पुढची सर्व कामे त्या चित्रावर अवलंबून आहेत. तळाशी मुळे फुटतात ती चपटी, कठीण चकती म्हणजे कांद्याचे खरे खोड. त्यावर एकाभोवती एक गुंडाळलेल्या मांसल पाकळ्या म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. आणि मधोमध जे हिरवे-पिवळे अंकुर दिसतात ते वाढीचे डोळे. काही कांद्यांत डोळा एकच असतो, काहींत दोन, तीन किंवा चार. ज्याला आपण जोड कांदा म्हणतो त्यात ते बाहेरूनही कळतात. प्रत्येक डोळा, त्याच्याखाली चकतीचा तुकडा असेल तर, स्वतंत्र रोप होऊ शकतो. नवे कांदे मिळवण्याची सारी युक्ती एवढ्यावरच आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण तितकीच महत्त्वाची आहे. कांदा हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या हंगामात बियांपासून कंद तयार होतो आणि दुसऱ्या हंगामात तो कंद फुलावर येऊन बी देतो. आपल्या हातातील कांद्याचा पहिला हंगाम शेतातच पार पडलेला आहे, त्यामुळे वनस्पतीच्या दृष्टीने आता फुलण्याची पाळी आहे. त्यासाठी तिला हवी असते ती थंडी : साधारण दहा-बारा अंशांच्या आसपासची काही आठवड्यांची थंडी मिळाली की डोळ्याच्या आत पानांऐवजी फुलाचा दांडा घडू लागतो. या दांड्याला आपल्याकडे डेंगळा म्हणतात. कंद हवा असणाऱ्याने या थंडीच्या आधी पीक काढून घ्यायचे आणि बी हवे असणाऱ्याने तिची वाट पाहायची.

महिने कसे निवडावेत

नवे कंद हवे असतील तर जुलैअखेर ते ऑगस्टअखेर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. कोंब आलेले कांदेही नेमके याच दिवसांत हाताशी असतात. या काळात लावलेले फुटवे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तयार होतात, म्हणजे कडक थंडी सुरू होईपर्यंत त्यांचे काम बहुतेक आटोपलेले असते आणि डेंगळे कमी येतात. खरीप हंगामासाठी उन्हाळ्यात तयार करून ठेवलेल्या लहान कांदुल्या जुलै-ऑगस्टमध्ये लावून वर्षाअखेर कांदा काढण्याची पद्धत शेतीतही आहे. आपण घरी करतो ते त्याच पद्धतीचे लहान रूप आहे. अडचण एकच, ती म्हणजे पाऊस. कोकणात आणि घाटमाथ्यावर उघड्या जागेत या दिवसांत कांदा कुजणार हे धरूनच चालावे. तेथे गॅलरीच्या कठड्याच्या आत, पत्र्याच्या पाखीखाली, परंतु ऊन मिळेल अशा जागी कुंडी ठेवावी लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अखंड कांदा लावला तर नाशिक, पुणे, अहिल्यानगर, मराठवाडा, विदर्भ अशा थंडी पडणाऱ्या भागांत जानेवारीत त्याला बहुधा डेंगळे येतात. कांद्याचे बी तयार करणारे शेतकरी हेच महिने साधतात. तेव्हा बी हवे असेल तर ही वेळ, आणि कंद हवे असतील तर ही वेळ टाळावी. मुंबईसारख्या किनारपट्टीच्या गावी थंडी जेमतेमच असल्याने डेंगळे उशिरा आणि कमी येतात, हेही लक्षात ठेवावे.

पातीला मात्र हंगामाचे बंधन नाही. भर एप्रिल-मे वगळता वर्षभर केव्हाही कोंब लावून पात खुडता येते, आणि उन्हाळ्यातही अर्धवट सावलीत ती बऱ्यापैकी येते.

कंद भरण्याचा संबंध दिवसाच्या लांबीशीही आहे. मुंबईत डिसेंबरमध्ये दिवस साधारण अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. आपल्याकडचे वाण एवढ्या दिवसात कंद धरतात. इंग्लंड किंवा उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातील बाजारात मिळणारे कांदे बहुधा लांब दिवसाचे असतात, त्यांना कंद धरण्यासाठी चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी वरील महिने जसेच्या तसे न धरता तिकडच्या वसंताच्या सुरुवातीला लागवड करावी, म्हणजे जून-जुलैच्या मोठ्या दिवसांत कंद भरतो. शीतगृहातून आलेल्या कांद्याला डेंगळा येण्याची शक्यता मात्र तेथे जास्त असते. आपल्याकडेही फ्रिजमध्ये बरेच आठवडे राहून मोड आलेला कांदा कंदासाठी निवडू नये; थंडीचा इशारा त्याला आधीच मिळालेला असू शकतो.

लावण्याजोगा कांदा

कोंब आला एवढ्यावरून कांदा लावण्यायोग्य ठरत नाही. कांदा अंगठा व तर्जनी यांत धरून हलके दाबावा. बाहेरची एखादी पाकळी मऊ असेल तर हरकत नाही, पण बूड टणक असलेच पाहिजे. बुडाशी ओल, तपकिरी डाग किंवा कुजकट वास असेल तर तो कांदा सरळ खताच्या खड्ड्यात टाकावा. वरच्या टरफलाखाली काळी भुकटी दिसते ती बुरशी असते. ती एका पाकळीपुरती असेल तर ती पाकळी काढून कांदा धुऊन, कोरडा करून वापरता येतो. आतपर्यंत गेली असेल तर नाही.

कोंब पोपटी, जाड आणि दोन ते दहा सेंटिमीटर लांब असावा. अंधाऱ्या कपाटात वीतभर वाढलेले पिवळे, लोंबते कोंब अशक्त असतात. त्यांची पात मिळते, पण कंद धरण्याइतका जोर त्यांच्यात क्वचितच राहतो. कंदासाठी मध्यम आकाराचे आणि एकाहून अधिक कोंब स्पष्ट दिसणारे कांदे घ्यावेत. बियांसाठी याउलट मोठा, आकाराने सारखा, बारीक मानेचा आणि चवीला आपल्याला आवडलेला कांदा घ्यावा, कारण त्याचेच गुण पुढे उतरायचे आहेत. जोड कांदा बियांसाठी वापरू नये.

कुंडी आणि माती

कांद्याची मुळे उथळ असतात, त्यांपैकी बहुतेक वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरातच पसरतात. म्हणून खोल पिंपाची गरज नाही. पंचवीस सेंटिमीटर खोलीची पसरट कुंडी, फळांचा प्लास्टिकचा क्रेट आतून जाळी लावून, किंवा एक फूट रुंदीची वाढपिशवी पुरते. तळाला भोके मोकळी असावीत आणि कुंडी विटेच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी, कारण साचलेले पाणी हा कांद्याचा पहिला शत्रू आहे.

मातीचे दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा अथवा जाड वाळू एक भाग असे मिश्रण करावे आणि दहा किलो मिश्रणामागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. देशावरची काळी माती वापरत असाल तर वाळूचे प्रमाण वाढवावे. ती माती वाळल्यावर इतकी आवळते की कंद वेडावाकडा होतो. कोकणातील जांभ्याच्या मातीत निचरा चांगला असतो, पण ती आम्ल आणि अन्नद्रव्यांत कमी असते, म्हणून तेथे खत थोडे अधिक घ्यावे व थोडी राख मिसळावी. ताजे शेण मात्र कोठेही घालू नये. त्याने मुळे भाजतात आणि कुजण्याला आमंत्रण मिळते.

फुटवे वेगळे करणे

हे या साऱ्या कामातील नाजूक पाऊल आहे, आणि त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत म्हणजे कांदा लगेच सोडवणे. कांद्याची कोरडी टरफले काढून टाकावी. नंतर धारदार सुरीने बाहेरच्या फक्त एक किंवा दोन पाकळ्यांना मानेपासून बुडापर्यंत उभी चीर द्यावी. सुरी आत जाऊ देऊ नये, कारण कोंब नेमका कोठे वळला आहे हे बाहेरून कळत नाही. चीर दिलेल्या पाकळ्या बोटांनी सोलून काढाव्यात. त्या टणक असतील तर भाजीला वापरता येतात. असे करत गेल्यावर मधले कोंब उघडे पडतात आणि प्रत्येकाभोवती त्याच्या स्वतःच्या एक-दोन पाकळ्यांचे वेष्टन दिसते. ते वेष्टन काढू नये, तीच त्याची पहिल्या पंधरवड्याची शिदोरी असते. आता दोन कोंबांच्या मधून चकती अशी कापावी की प्रत्येकाच्या वाट्याला तिचा तुकडा आणि शक्य तर थोडी मुळे येतील. चकती न आलेला कोंब मुळे धरत नाही. तो कोशिंबिरीत घालावा.

दुसरी रीत अधिक सावकाश आहे, पण नवशिक्याला मी तीच सुचवीन. अखंड कांदा, फक्त कोरडी टरफले काढून, ओलसर मातीत निम्म्यापर्यंत रोवून ठेवावा. दहा-बारा दिवसांत बुडाला पांढऱ्या मुळांचा झुपका फुटतो, बाहेरच्या पाकळ्या आपोआप ढिल्या पडतात आणि कोंब एकमेकांपासून फाकू लागतात. मग कांदा हळुवार उपटून, माती पाण्यात धुऊन, कोंब हाताने अलग करता येतात. सुरी लागली तरी केवळ चकतीपाशी. अशा फुटव्यांना मुळे आधीच असल्यामुळे मर फार कमी होते. आम्ही सुरुवातीला पहिल्या रीतीने घाई केली तेव्हा निम्मे कोंब बुडापाशी कुजले, आणि या दुसऱ्या रीतीने क्वचित एखादा गेला. आधीच मुळे असलेल्या कांद्याला मात्र पहिली रीत चालते.

कापलेले फुटवे लगेच मातीत घालू नयेत. सावलीत, हवेशीर जागी चार-सहा तास पसरून ठेवल्यास कापलेली बाजू सुकते आणि बुरशीला वाट मिळत नाही. पावसाळ्यात ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची (ती कुजवणाऱ्या बुरशीला रोखते) भुकटी मिळाली तर ती कापलेल्या जागी लावावी.

लागवड

मिश्रण आदल्या दिवशी भिजवून ठेवावे. बोटाने लहान खळगा करून फुटवा असा बसवावा की मुळे आणि चकती मातीत जातील, पांढरा भाग निम्मा झाकला जाईल आणि हिरवी मान पूर्ण उघडी राहील. खोल लावलेला कांदा मानेशी कुजतो आणि कंद धरला तरी लांबट होतो. फार वर लावलेला पहिल्या पाण्यासरशी आडवा पडतो. दोन फुटव्यांत कंदासाठी दहा-बारा सेंटिमीटर अंतर ठेवावे. पात हवी असेल तर पाच सेंटिमीटर पुरे, आणि त्यासाठी फुटवे वेगळे करण्याचीही गरज नाही. अखंड कांदे एकमेकांना न टेकतील इतपत जवळ लावावेत.

कोंब वीतभर वाढलेले असतील तर वरचा एक तृतीयांश भाग कात्रीने छाटावा. शेतात कांद्याची रोपे लावताना शेंडे छाटण्याची जी रीत आहे तिचा हेतूही हाच असतो : मुळे धरेपर्यंत पानांतून पाणी कमी उडावे. लागवडीनंतर झारीने हलके पाणी द्यावे आणि पहिले तीन-चार दिवस कुंडी कडक उन्हापासून जपावी. त्यानंतर मात्र तिला रोज किमान सहा तास थेट ऊन मिळालेच पाहिजे. सावलीतील कांदा पात वाढवतो, कंद धरत नाही. खिडकीत फक्त सकाळचे दोन तास ऊन येत असेल तर पातीवर समाधान मानावे आणि कंदाचा आग्रह सोडावा.

काही जण कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवून वाढवतात. मुळे फुटताना पाहण्यासाठी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर, ते छान आहे. त्यातून एक-दोनदा पातही मिळते. पण पाणी फक्त चकतीला टेकेल एवढेच ठेवावे लागते, दर दिवसाआड बदलावे लागते, आणि तरी पंधरा-वीस दिवसांत कांदा लिबलिबीत होऊन वास मारू लागतो. कंद तर त्यातून मिळत नाहीच.

पाणी, खत आणि पात खुडणे

बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहावे. तेथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात हे चार-पाच दिवसांनी, थंडीत दोन-तीन दिवसांनी येते. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे, पानांवर नको.

खताच्या बाबतीत वेळ पाळणे हे प्रमाणापेक्षा महत्त्वाचे आहे. लागवडीनंतर तीन आणि सहा आठवड्यांनी प्रत्येक कुंडीला दोन मुठी गांडूळखत वरून पसरून हलके मिसळावे, किंवा मोहरीच्या पेंडीचे आंबवलेले पाणी दहापट पातळ करून द्यावे. साठ दिवसांनंतर नत्र देणारे कोणतेही खत देऊ नये. त्या वेळी नत्र मिळाले तर रोप पुन्हा पाने काढत बसते, मान जाड होते, आणि जाड मानेचा कांदा टिकत नाही. तणे लहान असतानाच हाताने उपटावीत, खुरप्याने मुळे तुटतात.

आता पातीविषयी. कांद्यातील प्रत्येक मांसल पाकळी ही एकेका पानाचा बुडखा आहे, म्हणजे जितकी निरोगी पाने तितक्या पाकळ्या आणि तितका कांदा मोठा. याचा सरळ अर्थ असा, की ज्या रोपापासून कंद हवा त्याची पात खुडू नये. पिठले किंवा झुणक्यासाठी थोडी पात हवी, हा मोह होतोच. म्हणून एक कुंडी पातीची आणि एक कंदाची असा निवाडा आधीच करून ठेवावा. पातीच्या कुंडीत पाने वीतभर झाली की मातीपासून चार-पाच सेंटिमीटर वर कात्रीने कापावीत, सगळी न कापता प्रत्येक वेळी दोन-तीन आतली पाने राहू द्यावीत. असे दोन ते तीन तोडे मिळतात. पुढे पान बारीक व उग्र होऊ लागले की रोप मुळासकट उपटून संपवावे.

रोग आणि किडी

घरगुती कांद्याचा मुख्य त्रास फुलकिड्यांचा. हे किडे पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर असतात आणि आतल्या पानांच्या बेचक्यात लपतात. पानांवर चंदेरी-पांढुरके ओरखडे दिसू लागले की ते आले असे समजावे. सुरुवातीला पानांच्या बेचक्यात पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बरेच धुऊन जातात. त्यानंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून, संध्याकाळी, आठवड्याने फवारावे. निळे चिकट सापळेही फुलकिड्यांना ओढून घेतात.

ढगाळ, दमट हवेत पानांवर लांबट, मध्ये जांभळट झाक असलेले चट्टे पडतात तो करपा. चट्टे पडलेली पाने काढून घराबाहेर टाकावीत आणि कुंड्यांमधील अंतर वाढवावे. रोप अचानक पिवळे पडून सहज उपटून आले आणि बूड मऊ लागले तर ती सड असते. त्या रोपाला औषध शोधत बसू नये. ते मातीसकट काढावे आणि त्या कुंडीत पुढचे वर्षभर कांदा-लसूण लावू नये. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, कारण कांदा व त्याची पात या प्राण्यांना विषारी असते.

कंद भरणे आणि काढणी

दोन-सव्वादोन महिन्यांनी बूड फुगू लागते आणि कंदाचा खांदा मातीबाहेर दिसतो. त्यावर माती चढवण्याची इच्छा होते, पण कांद्याला भर घालायची नसते. त्याला उघडेच राहू द्यावे. कंद चांगला भरला की मान मऊ होऊन पात आपोआप आडवी पडते. याला माना पडणे म्हणतात. निम्म्या रोपांच्या माना पडल्या की पाणी बंद करावे आणि आठ-दहा दिवसांनी, कोरड्या दिवशी, कांदे उपटावेत. माना हाताने मोडून घाई करू नये. पावसाळ्याच्या शेवटी तयार होणाऱ्या पिकात पुष्कळदा माना नीट पडतच नाहीत. तेव्हा पाने पिवळी पडण्यावरून अंदाज घ्यावा.

उपटलेले कांदे पातीसकट दोन-तीन दिवस असे पसरावेत की एकाची पात दुसऱ्याच्या कंदावर येईल आणि कंदाला ऊन लागणार नाही. मग तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि आणखी आठ-दहा दिवस सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवावेत. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या पातींची वेणी घालून माळा करतात तशी लहानशी माळ करून गॅलरीत टांगली तरी चालते.

किती अपेक्षा ठेवावी? एका कांद्यापासून दोन ते चार, लिंबापासून लहान अंड्याएवढे, कधी एका बाजूला चपटे कांदे मिळतात. बाजारातल्या कांद्याइतके ते टिकत नाहीत, महिनाभरात वापरून टाकावेत. मोठे, एकसारखे, महिनोन्‌महिने टिकणारे कांदे हवे असतील तर बियांपासून केलेली रोपेच लावली पाहिजेत. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा शक्ती किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा एन-२-४-१ हे वाण त्यासाठीच आहेत. आणि कांद्यापासून कांदे वाढवण्याचाच आनंद हवा असेल, तर बाजारातून सांबारचे लहान कांदे आणावेत. तमिळनाडूत हा कांदा कंद लावूनच पिकवतात; स्वभावतःच तो एकाचे पाच-सहा होतो आणि साधारण सत्तर दिवसांत तयार होतो. त्याला चिरण्या-सोलण्याची गरज नसते, कोंब आलेला कांदा तसाच मातीत बसवावा. कुंडीत कंद घेण्यासाठी याहून भरवशाचा कांदा मला माहीत नाही.

डेंगळा आला तर, आणि मुद्दाम बी धरायचे असेल तर

पानांच्या मधून गोल, पोकळ, खालच्या भागात थोडा फुगीर आणि टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली कळी असलेला दांडा निघाला की तो डेंगळा. कंदाच्या कुंडीत तो दिसला तर कोवळा असतानाच मोडून भाजीत घालावा. मोडल्याने कंद पूर्ववत होतो असे मात्र नाही. त्याच्या मधोमध कठीण गाभा राहतो, म्हणून ते रोप लवकर उपटून वापरावे.

बियांसाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, निवडलेल्या कांद्याचा वरचा एक चतुर्थांश भाग आडवा कापून उरलेला कांदा, फुटवे वेगळे न करता, लावतात. त्यामुळे कोंब लवकर आणि एकसारखे बाहेर पडतात. आधीच कोंब लांब आला असेल तर कापू नये. कांदे एकमेकांपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर दूर, किमान चार ते सहा तरी असावेत, कारण एकाच गोंड्यातील फुलांत पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होते. परागीभवन मुख्यतः मधमाश्यांकडून, फुलाफुलांत व रोपारोपांत होते. फुले आल्यापासून कोणतीही फवारणी, निंबोळी तेलाचीसुद्धा, टाळावी. दांडे कंबरेएवढे उंच होऊ शकतात, त्यांना काठीचा आधार बांधावा.

मार्च-एप्रिलमध्ये गोंडा पिवळट-तपकिरी होतो आणि त्यातील काही बोंडे उकलून आतले काळे बी दिसू लागते. गोंड्यातील दहा-वीस टक्के बोंडे उकलली की थोडा दांडा ठेवून तो कापावा. सगळी उकलण्याची वाट पाहिली तर बी मातीत सांडते. कागदावर आठवडाभर सावलीत सुकवून हातांनी चोळावे, सुपात पाखडावे आणि कोनाकोनांचे, जड, काळे बी ठेवावे. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही, दुसऱ्या वर्षी ती झपाट्याने घटते. म्हणून हे उळे कोरड्या, हवाबंद बरणीत ठेवून त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपासाठी टाकावे. सात-आठ आठवड्यांत पेन्सिलीहून बारीक रोपे तयार होतात. ती पंधरा बाय दहा सेंटिमीटर अंतरावर लावली की उन्हाळ्याच्या तोंडी, ज्या आकाराचा कांदा आपण सुमारे दीड वर्षापूर्वी टोपलीतून उचलला होता त्या आकाराचे कांदे आपल्याच कुंडीतून निघू लागतात.